चौकोनी डोक्याची किल्ली

आमच्या गल्लीत तिला सगळे कुलूपताई म्हणतात. एक तर ती कुलपं दुरुस्त करते, किल्ल्या करून देते. आणि दुसरं म्हणजे तिच्या तोंडून एक शब्द काढायचा तर गंजलेलं कुलूप उघडण्याइतके कष्ट पडतात. माझं शिवणकामाचं दुकान तिच्या दुकानाला लागून आहे. मधली भिंत इतकी पातळ, की तिचं किल्ल्या घासायचं मशीन सुरू झालं की माझ्या कपाटातली रिळं थरथरतात. आणि माझं तोंड सुरू झालं की तिचं डोकं दुखतं, असं ती म्हणते. म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी म्हणते, बाकी वेळ नुसती बघते.

मी बडबडी आहे, तापट आहे आणि मला कसलाही धक्का सोसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातून मी अजून सावरलेले नाही. कापड कापताना मध्येच हात थांबतो आणि मी स्वतःशीच म्हणते, असं कुणी करतं का? स्वतःच्या पोटच्या पोरीशी?

तर कुलूपताई. दुकान तिच्या वडिलांचं. भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, टेबलाला जखडलेली पकड, कानशी आणि सगळ्यावर पितळेचा बारीक भुगा. तो भुगा तिच्या नखांत, केसांत, चहाच्या कपातसुद्धा असतो. लोकांच्या दारांना ती इतकी पक्की कुलपं बसवून देते की मालकालाच घाम फुटावा. आणि तिच्या स्वतःच्या घराचं कुलूप? गल्लीतलं सगळ्यात जुनं, सगळ्यात खिळखिळं. पावसाळी हवेत तर दाराला खांदा लावल्याशिवाय किल्ली फिरत नाही. आम्ही तिला यावरून किती चिडवायचो! डॉक्टरच्या घरात खोकला, असं मी म्हणायचे. ती काही बोलायची नाही.

कारण मला माहीत होतं, म्हणून मी फार ताणायचे नाही. ते कुलूप वडिलांनी स्वतःच्या हातानं बनवलं होतं आणि घरातल्या प्रत्येकाला त्याची एकेक किल्ली दिली होती. अंधारातही हाताला कळावं म्हणून प्रत्येकीचं डोकं वेगळं. आईच्या किल्लीचं लांबट, कुलूपताईचं गोल आणि तिच्या मोठ्या भावाचं, दादाचं, चौकोनी. हा दादा एके दिवशी वडिलांशी भांडून सकाळीच घरातून निघून गेला, तो परत आलाच नाही. पुढे वडील गेले, तरी आला नाही. त्याला बातमी कळली की नाही, हेही कुणाला माहीत नाही.

तेव्हापासून काकूंचं, म्हणजे कुलूपताईच्या आईचं, एकच पालुपद. "तो किल्ली घेऊन गेलाय. ज्याला यायचं नसतं, तो किल्ली ठेवून जातो." त्यामुळे कुलूप बदलायचं नाही, दार बदलायचं नाही आणि घर तर सोडायचंच नाही. दादा कधीतरी येईल, किल्ली लावेल आणि दार उघडलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीची माया, चालायचंच. मीही तेच म्हणायचे. पण त्या मायेपायी या मुलीचं काय झालं ते ऐका. लांबच्या शहरात कुलपं बनवणारा मोठा कारखाना आहे. त्यांच्या माणसानं एकदा हिचं काम पाहिलं आणि हिला नवीन कुलपं तयार करायच्या विभागात बोलावलं. राहायला घर देणार होते, तळमजल्याचं, काकूंच्या गुडघ्यांना सोयीचं. ही हरखून गेली होती. मी तिला हसताना पाहिलं तो एकमेव आठवडा. मग काकू म्हणाल्या, "जाऊ या. पण आपण गेल्यावर तो आला, दार उघडून आत शिरला आणि घर रिकामं असलं तर?" संपलं. कुलूपताईनं नकार कळवला. काही वर्षांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा नाही. आणि आता तिसऱ्यांदा फोन आला होता. त्या विभागाचे साहेब निवृत्त होणार होते. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "यानंतर तुम्हाला कोणी बोलावणार नाही. सोमवारपर्यंत कळवा." ही सोमवारी पुन्हा नाहीच म्हणणार होती. मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता. तिला त्याचा पत्ताच लागला नाही, हे वेगळं.

तिचा एकच शौक होता. भंगारवाल्याकडून तिनं धातू शोधायचं एक मोडकं मशीन आणलं होतं. एक दांडा, खाली थाळीएवढी चकती आणि कानाला लावायचं यंत्र. वायरी जोडून तिनं ते चालू केलं आणि रोज दुकान उघडण्याआधी समुद्रावर जाऊ लागली. लोक बसतात, लोळतात, खिशातून वस्तू सांडतात, त्या कोरड्या वाळूत. चकती जमिनीलगत फिरवत चालायचं, कानात आवाज आला की थांबायचं आणि भोकं पाडलेल्या फावड्यानं वाळू चाळायची. बहुतेक वेळा बाटल्यांची बुचं निघतात, डब्यांच्या कड्या निघतात. पण अधूनमधून किल्लीही निघते. त्या किल्ल्या ती दुकानात एका पाटीखाली टांगते: "हरवली असेल तर ओळखून घेऊन जा." आणि लोक येतातही. कोणाला आपली किल्ली परत मिळाली की कुलूपताईच्या चेहऱ्यावर जरासं ऊन पडतं.

ओल्या वाळूत मात्र तिचं जुनं मशीन चालायचं नाही. खारं पाणी स्वतःच थोडीशी वीज वाहून नेतं म्हणे, त्यामुळे मशीनला जिकडेतिकडे धातूच आहे असं वाटतं आणि ते नुसतं किंचाळत सुटतं. घरी जेवताना काकू विचारायच्या, "मग त्या ओल्या वाळूत लोकांचं काहीच हरवत नाही का?" ही सांगायची, "हरवत असेल. पण तिथे गेलेलं गेलं. माझ्या मशीनला तिथलं काही ऐकू येत नाही." काकूंनी हे वाक्य किती नीट ऐकून ठेवलं होतं, ते मला नंतर कळलं.

गेल्या महिन्यात तिला दुसरं मशीन मिळालं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं, पाठदुखीनं वाकता येईना म्हणून त्यांनी देऊन टाकलं. हे मशीन हुशार. मिठाच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त धातूचा आवाज ऐकवतं. पण घरात नवीन वस्तू आली की काकू दिवसभर धुसफुसतात, म्हणून ते मशीन माझ्या दुकानात, कापड कापायच्या टेबलामागे उभं असायचं. घरी तिनं सांगितलंच नव्हतं.

त्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टरनं मला चालायला सांगितलंय आणि शिवाय अबोल्याचा मलाच कंटाळा आला होता. ओहोटी लागली होती. भरतीच्या वेळी पाणी बंधाऱ्याच्या पायऱ्यांना लागतं, पण आता पायऱ्यांपुढे सपाट, ओली, चकचकीत वाळू पसरली होती. मी पायऱ्यांवर बसून बडबडत होते, ती चकती फिरवत होती. पायऱ्यांपासून फार लांब नव्हती. मी जोरात दगड फेकला असता तर तिला लागला असता, इतकीच.

ती थांबली. फावडं मारलं, वाळू पाण्यात हलवून चाळली. मग हात आत घातला आणि काहीतरी उचललं. आणि मग ही बाई, जिला मी घाईनं चालतानाही कधी पाहिलं नाही, ती मटकन ओल्या वाळूतच बसली.

मला वाटलं चक्कर आली. मी धावत गेले. तिच्या तळहातावर पितळेची एक किल्ली होती. डोकं चौकोनी.

"दादाची आहे," ती म्हणाली.

"अगं, चौकोनी डोक्याच्या किल्ल्या जगात काय कमी आहेत?"

तिनं गळ्यातल्या दोरीतून आपली गोल डोक्याची किल्ली काढली आणि दोन्ही किल्ल्या एकमेकींवर ठेवल्या. दाताला दात, खाचेला खाच. फरक इतकाच की तिच्या किल्लीचे दात रोजच्या वापरानं झिजून गुळगुळीत झाले होते आणि या किल्लीचे जसेच्या तसे होते. मी तोंडावर हात ठेवला तो काढायचं विसरले.

"ही नवीन पडलीय," ती म्हणाली. एवढी वाक्यं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. "पितळ समुद्रात राहिलं की काळं पडतं, मग हिरवं होतं. ही नुसती मळकी झालीय. चार-पाच दिवस, जास्त नाही. दादा इथे आलाय. दादा चार दिवसांपूर्वी इथे आला होता."

"आणि किती जपून ठेवलीय बघ," मी म्हणाले. मला रडूच आलं. "एक ओरखडा नाही."

पण मग आम्ही दोघींनी एकदमच पाण्याकडे पाहिलं. किल्ली पाण्यात होती. मग किल्लीचा मालक कुठे होता?

ती उठली आणि सुसाट सुटली. उंच खुर्चीवर बसणाऱ्या जीवरक्षकाकडे गेली. "गेल्या आठवड्यात कोणी बुडालं का? कोणी पुरुष?" तिचा आवाज असा फाटला होता की तो पोरगा खुर्चीवरून खालीच उतरला. कोणी बुडालं नव्हतं. त्यानं आपल्या जोडीदारालाही फोन करून विचारलं. नाही. मग आम्ही समोरच्या रस्त्यावरच्या दोन लॉजमध्ये गेलो. ती काउंटरवरच्या माणसाला दादाचं वर्णन सांगत होती: दाट काळे केस, सडपातळ, डाव्या भुवईवर व्रण. मी हळूच म्हटलं, "अगं, केस आता पांढरे झाले असतील." ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच ते पांढरे केले. इतकी वर्षं तिच्या डोक्यात दादाचं वय वाढलंच नव्हतं.

लॉजमध्ये तसा कोणी आला नव्हता. बाहेर आल्यावर ती फूटपाथवर उभी राहिली. पायांना वाळू, साडीचा काठ ओला, मुठीत किल्ली. "तो आला," ती म्हणाली, "घरापासून दहा मिनिटांवर आला. आणि किल्ली फेकून परत गेला. आईला हे कसं सांगू?"

मी म्हणाले, "पडली असेल. फेकलीच असेल कशावरून?" पण मलाही पटत नव्हतं. मी मनातल्या मनात त्या दादाला अशा शिव्या घालत होते की इथे लिहिता येणार नाहीत. आई वाट बघून झिजली, बहिणीनं आपलं आयुष्य त्या खिळखिळ्या कुलपापाशी बांधून ठेवलं, आणि हा माणूस किल्ली समुद्रात टाकून जातो!

जिना चढून आम्ही दाराशी आलो. खांदा लावून तिनं दार उघडलं. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज सकाळीच? अबोला संपला वाटतं." मला हसायला आलं नाही.

कुलूपताईनं ती किल्ली टेबलावर ठेवली. मग कसेबसे शब्द जुळवले. "आई, तू शांतपणे ऐक. ही आत्ता समुद्रावर मिळाली. दादाची आहे."

मी काकूंच्या जवळ सरकले. म्हातारं माणूस, ऐकून कोसळलं तर सावरायला. मी तयारीत होते. "कुठाय तो?" असं किंचाळतील, रडतील, उठून दाराकडे धावतील, सगळ्याची तयारी केली होती.

काकूंनी किल्लीकडे बघितलं. हातातली उशीची खोळ तशीच अर्धवट दुमडलेली. मग मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"तू ओल्या वाळूत कधीपासून जायला लागलीस?"

मला आधी कळलंच नाही. वाटलं, धक्क्यानं भलतंच बोलतायत. मग एकेक शब्द डोक्यात शिरायला लागला. कुलूपताईनं फक्त समुद्र म्हटलं होतं. ओली वाळू म्हटलं नव्हतं. आणि ज्या मुलाची इतकी वर्षं वाट पाहिली, त्याची किल्ली समोर असताना ही बाई तो कुठे आहे हे विचारत नव्हती. मी खरंच भिंतीला टेकले.

कुलूपताई मात्र दगडासारखी उभी होती. "तू टाकलीस," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

काकूंनी खोळीची घडी पूर्ण केली. बाजूला ठेवली. "वाळवी लागलीय म्हणून माझं कपाट रिकामं करणार होतीस ना तू. शालीच्या घडीत होती. भरती होती तेव्हा गेले. पायऱ्यांवरूनच टाकली. वाटलं, समुद्रानं नेली."

"पण तुझ्याकडे आली कुठून?"

"तो गेला त्या सकाळी याच टेबलावर ठेवून गेला. म्हणाला, आता मला ही लागणार नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. ज्याला यायचं नसतं तो किल्ली ठेवून जातो. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं! मान डोलावून "खरंय काकू" म्हणाले होते! आणि या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तो येणार नाही.

"काकू," मी ओरडलेच, "अहो, हिनं ती नोकरी नाकारली! दोनदा! तुम्हाला काही वाटलं नाही?"

"तू गप्प बस," काकू म्हणाल्या. "तुझ्या घरचे तुला कंटाळतात, तरी घरात आहेत." मग त्या लेकीकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुला खरं सांगितलं असतं तर तू थांबली असतीस? एक तर गेलाच होता. दुसरी कशी जाऊ देऊ? त्याची वाट बघायची म्हटल्यावर तू राहिलीस. माझ्यासाठी राहिली असतीस का, सांग ना?"

मला राग यावा तितका येईना. त्याचाही मला राग आला.

"राहिले असते," कुलूपताई म्हणाली. "तू नुसतं म्हणायचं होतंस."

मला वाटतं, त्या दिवशी खरा हादरा त्यांना बसला तो तेव्हा. मांडीवरच्या दोन्ही हातांकडे त्या बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्याच कोणाचे आहेत.

कुलूपताईनं गळ्यातली दोरी काढली. गोल डोक्याची आपली किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली, चौकोनीच्या शेजारी. काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्या उठायला गेल्या, गुडघ्यांनी साथ दिली नाही, पुन्हा बसल्या. "तूसुद्धा?" एवढंच तोंडून निघालं. मला बघवेना. मी तिचा दंड धरला, म्हटलं, अगं, असं नको.

"मी पळून जात नाहीये," ती म्हणाली. "दुकानात जातेय. संध्याकाळी येईन आणि बेल वाजवीन. तू उठून दार उघडायचंस. आणि उद्या मी त्यांना हो सांगणार आहे. तळमजल्याचं घर आहे. तुला माझ्याबरोबर यायचं असेल तर ये. पण यायचंय असं तोंडानं म्हण. तेवढं तरी म्हण."

काकूंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला नीट कळलं नाही. आम्ही दारापर्यंत पोचलो. तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला, अगदी नेहमीचा, रोजचा, जणू सकाळपासून काही घडलंच नव्हतं.

"आणि आपण गेल्यावर तो आला तर?"

मी गर्रकन वळले. माझा विश्वासच बसेना. स्वतःच्या हातानं ती किल्ली समुद्रात टाकून आलेली ही बाई खरोखर विचारत होती. डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं.

कुलूपताईचा हात दारावर होता. तिनं वळून पाहिलं नाही.

"तर बेल वाजवेल आणि परत जाईल, आई," ती म्हणाली. "किल्ली आपल्याकडे आहे."